दसरा चौकातली बोर्डिंगं

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात पाय ठेवायला जागा नसते. अंबाबाईची पालखी येते, भवानीची येते, गुरुमहाराजांची येते. लकडकोटाचं पूजन होतं, आणि सोनं लुटायची वेळ झाली की आपट्याच्या पानांवर सगळा चौक झेपावतो. पण हा चौक नीट बघायचा असेल, तर दसरा सोडून कुठल्याही साध्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला जावं. गॅलरीच्या कठड्यावर टॉवेल वाळत असतात. पाठीला सॅक लावलेली पोरं घाईघाईनं फाटकातून बाहेर पडतात. कुणी कॉलेजला निघालेला असतो, कुणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत. एका अंगाला दिगंबर जैन बोर्डिंग, दुसरीकडे मुस्लिम बोर्डिंग, जवळच चित्रदुर्ग मठ, आणि चौकात शाहू छत्रपतींचा पुतळा. इथली पोरं त्याच्यासमोरून रोज जातात-येतात.

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणायची पद्धत आहे. भाषणात हे वाक्य हमखास येतं आणि त्यावर टाळीही मिळते. पण या वास्तू उभ्या कशा राहिल्या, त्यांच्यापायी कोण कुणाशी भांडलं, कुणाला रातोरात वळकटी उचलावी लागली, हे सांगणारा क्वचित भेटतो. म्हणून हा लेख.

गोष्ट जेवणापासून सुरू होते.

एकोणिसाव्या शतकात खेड्यातल्या मुलाला इंग्रजी शिकायचं तर गाव सोडणं भाग होतं. करवीर संस्थानात हायस्कूल आणि कॉलेज म्हणजे कोल्हापूरचं राजाराम. शाळेत नाव घातलं तरी रात्री झोपायचं कुठं आणि दोन वेळा खायचं काय, हा प्रश्न उरायचाच. गरीब ब्राह्मण मुलासाठी समाजानं त्यावर एक तोडगा काढून ठेवला होता. मुलगा वार लावून जेवायचा. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. तेही जमलं नाही तर माधुकरी मागायची. त्यात मानहानी होती, अर्धपोटी दिवस होते, पण वाट होती. गोपाळ कृष्ण गोखले कागलहून कोल्हापुरात शिकायला आले ते थोरल्या भावाच्या जिवावर. पंधरा रुपये पगारातले आठ रुपये भाऊ दरमहा गोपाळसाठी बाजूला काढत असे. म्हणजे हाल गोखल्यांच्याही वाट्याला आले. पण कुणब्याच्या, धनगराच्या, शिंप्याच्या पोराला शहरात वार लावायला घरच नव्हतं. अस्पृश्य मुलाला तर भाड्यानं खोलीही कुणी देईना. शाळेची फी माफ केली तरी त्याचं शिक्षण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडायचं.

२ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. कागलच्या घाटगे घराण्यातला हा मुलगा दत्तक येऊन गादीवर बसला होता. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात काही वर्षं राहून शिकला होता. घरापासून दूर राहून शिकणं म्हणजे काय, हे त्यांनी अनुभवलं होतं. अर्थात दिमतीला माणसं असताना. गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानच्या नोकरांची यादी पाहिली, तर सर्वसाधारण कारभारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. हा आकडा महाराष्ट्रात पुष्कळदा सांगितला जातो आणि त्यावरून वादही पुष्कळ झाले आहेत. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. दुसऱ्या जातीची माणसं नेमायची म्हटली तरी नेमायला शिकलेली माणसं होती कुठं? २६ जुलै १९०२ चा ५० टक्के जागांचा हुकूम सगळ्यांना ठाऊक असतो. त्या हुकमाला माणसं पुरवायची तजवीज महाराजांनी आधीच, १९०१ मध्ये, सुरू केली होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ती तजवीज म्हणजे ही बोर्डिंगं.

त्याहीआधी एक प्रयोग फसला होता. १८९६ मध्ये महाराजांनी राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढलं. ते सगळ्या जातींना खुलं होतं आणि सगळ्यांनी एकत्र राहावं असा हेतू होता. कागदावर ते तसंच राहिलं. प्रत्यक्षात काही वर्षांत तिथं एकाच जातीची मुलं उरली. स्वयंपाकघर ज्याच्या हातात, वसतिगृह त्याचं, असा तो काळ होता. पंगत कुणाशेजारी, पाण्याचा हंडा कुणी शिवायचा, सोवळं-ओवळं कुणी ठरवायचं, या रोजच्या बारीकसारीक गोष्टींनी बाकीची मुलं आपोआप गळाली. त्यांना काढून टाकायला वेगळ्या हुकमाची गरजच पडली नाही.

हे अपयश डोळ्यांसमोर असताना महाराजांनी दुसरी वाट धरली. या वळणाशी पांडुरंग चिमाजी पाटील या शेतकरी घरातल्या हुशार विद्यार्थ्याचं नाव जोडलं जातं. कोल्हापुरात शिकताना त्याला राहण्या-जेवणाची जी ओढाताण सोसावी लागली, ती महाराजांच्या कानी गेली आणि तिथून वसतिगृहाच्या कल्पनेनं जोर धरला, असं सांगतात. पुढं पी. सी. पाटील शेती खात्यात मोठ्या पदावर पोचले. त्यांचा मुलगा म्हणजे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. एका घराच्या दोन पिढ्यांत वडगावच्या रानातून लष्कराच्या सर्वोच्च पदांपर्यंतचं हे अंतर आहे.

१८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हाऊस सुरू झालं. राणी व्हिक्टोरिया त्याच वर्षी जानेवारीत वारली होती, त्यामुळं नावाचा उलगडा होतो. इंग्रज रेसिडेंटची नजर असलेल्या संस्थानिकाला अशी नावं घ्यावी लागत, आणि महाराजांनी ती मोकळेपणानं वापरली. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघालं. १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिचं अध्यक्षपद खुद्द महाराजांनी घेतलं. हिंदू छत्रपती मुसलमानांच्या शिक्षण संस्थेचा अध्यक्ष होतो, हे त्या काळात साधं नव्हतं. पाठोपाठ १९०७ मध्ये लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांची मुलगी व्हायोलेट हिचं नाव त्याला दिलं होतं. मग ही वाट रुळली. दैवज्ञ, नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत, कायस्थ प्रभू, ख्रिस्ती, वैश्य, ढोर-चांभार, देवांग, नाभिक अशी एकामागून एक वसतिगृहं निघत गेली. पहिल्या बोर्डिंगपासून महाराजांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत, साधारण वीस वर्षांत, एका लहानशा शहरात विसेक वसतिगृहं उभी राहिली.

याचा हिशेब कसा बसवला, हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे, कारण आजच्या जतनाच्या प्रश्नाचं मूळ तिथंच आहे. महाराज एखाद्या समाजाच्या पुढाऱ्यांना बोलावून घ्यायचे आणि तुमच्या मुलांसाठी बोर्डिंग का काढत नाही, असा प्रश्न टाकायचे. समाजानं वर्गणी काढायची, मंडळ नेमायचं, रोजचा कारभार बघायचा. संस्थानानं जागा द्यायची, इमारतीला मदत करायची, सालीना अनुदान द्यायचं. काही ठिकाणी तर संस्थानच्या जंगलातलं लाकूडही मिळालं. म्हणजे वसतिगृहाचा मालक दरबार राहिला नाही, समाज राहिला. राजा गेला, संस्थान विलीन झालं, इंग्रज गेले, तरी बोर्डिंगं टिकली, त्याचं मोठं कारण हेच असं माझं ठाम मत आहे. सरकारी खात्याच्या ताब्यातली वास्तू खातं उठलं की ओस पडते. या वास्तूंना धनी होता.

टीकाही त्याच काळात झाली. जातवार वसतिगृहं काढून महाराज जातिभेदाला खतपाणी घालत आहेत, असं म्हणणारे पुष्कळ होते. आजही तरुण मुलं हा प्रश्न विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. १५ एप्रिल १९२० च्या सुमाराला नाशिकला उदोजी मराठा वसतिगृहाच्या पायाभरणीसाठी महाराज गेले, तेव्हा त्यांनी आपल्या वसतिगृहांची सगळी हकिकत तिथं मांडली आणि सगळ्यांना एकत्र ठेवण्याचा पहिला प्रयत्न कसा फसला, हेही सांगितलं. मला वाटतं, त्यांना रोग आणि तात्पुरता उतारा यांतला फरक पुरता ठाऊक होता. पोरगं शिकलं पाहिजे, आणि ते याच वर्षी शिकलं पाहिजे. जात मोडेपर्यंत त्याला थांबायला सांगणं त्यांना मंजूर नव्हतं.

पण या व्यवस्थेची मर्यादा उघड झाली तीही याच दसरा चौकाच्या परिसरात, आणि एका बोर्डर मुलाच्या हातून.

कुंभोजचा भाऊराव पायगोंडा पाटील १९०२ मध्ये राजाराम हायस्कूलमध्ये आला आणि जैन बोर्डिंगात राहू लागला. अंगानं धिप्पाड, कुस्तीचा शौकीन, अभ्यासात बेताचा. बोर्डिंगचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे, इंग्रजी शिकलेले, शिस्तीचे, पुढं शाहू महाराजांचं इंग्रजी चरित्र लिहिणारे आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री होणारे. बोर्डिंगात सोवळ्याचे नियम होते. भाऊरावाला ते जाचायचे.

१९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला भाऊराव गेला. अस्पृश्य मुलांमध्ये मिसळला, परतला, आणि अंघोळ न करता तसाच बोर्डिंगात शिरला. नियमाप्रमाणं आधी स्नान करून शुद्ध होणं गरजेचं होतं. त्याला सांगण्यात आलं आणि त्यानं नकार दिला. त्यावरून त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. वळकटी उचलून तो बाहेर पडला तो महाराजांच्या वाड्यावर, आणि तिथं त्याला आसरा मिळाला. एका राजाच्या दोन बोर्डिंगांमधलं काही मिनिटांचं अंतर त्या मुलानं चालून पार केलं, आणि त्या चालण्याची किंमत म्हणून त्याची खाट गेली.

गोष्ट इथं संपत नाही. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातल्या व्यक्तीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण घडलं आणि संशय लठ्ठ्यांवर घेतला गेला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष दे म्हणून भाऊरावांवर दबाव आला, छळ झाला. ज्यानं आपल्याला बोर्डिंगबाहेर काढलं त्याच माणसाविरुद्ध साक्ष द्यायची होती. भाऊरावांनी ती दिली नाही. जीव द्यायची वेळ आली तरी दिली नाही. मला या माणसाच्या चरित्रात त्यांनी पुढं काढलेल्या संस्थेच्या वटवृक्षाच्या बोधचिन्हापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह सुरू केलं त्यात जातीचं दार ठेवलंच नाही. महार, मराठा, जैन, मुसलमान, मांग, सगळी पोरं एका पंगतीला. स्वयंपाक मुलांनीच करायचा, दळण-कांडण मुलांनीच करायचं. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचं नामकरण झालं, छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. बोर्डिंगातून काढलेल्या मुलानं काढलेल्या बोर्डिंगाला बोर्डिंगं काढणाऱ्या राजाचं नाव लागलं. १८९६ मध्ये जे जमलं नव्हतं, ते साताऱ्यात जमलं. मधल्या काळात जातवार बोर्डिंगांतून शिकलेली एक पिढी उभी राहिली होती म्हणूनच ते जमलं, हेही विसरू नये.

हीच लाट इतरत्रही पसरली. जानेवारी १९२५ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापूरला वसतिगृह काढलं. अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालयात सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवली. महाराष्ट्राच्या विसाव्या शतकाचा इतिहास वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत आणि सभांच्या मंडपांत शोधला जातो. त्याचा निम्मा भाग वसतिगृहांच्या स्वयंपाकघरात घडला आहे.

आता त्या वास्तूंकडे येतो.

आपल्याकडं वसतिगृह जपायचं म्हणजे काय, याचा एक नमुना पुण्यात आहे. फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहातल्या पहिल्या ब्लॉकमधली १७ नंबरची खोली. इथं विनायक दामोदर सावरकर विद्यार्थी म्हणून राहिले. १९०५ मध्ये विदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातूनही काढण्यात आलं. आज ती खोली स्मारक म्हणून जपली आहे, २८ मे रोजी जयंतीला लोक रांग लावून दर्शन घेतात. एका मोठ्या माणसाची खोली अशी जपणं योग्यच आहे. पण कोल्हापूरच्या बोर्डिंगांना ही रीत लागू पडणार नाही. इथं एक खोली कुणा एकाची नाही. इथं शंभर वर्षं दरसाल जूनमध्ये नवी पोरं आली आणि मार्चमध्ये गेली. त्यांतली बहुतेक मास्तर झाली, तलाठी झाली, ओव्हरसियर झाली, वकील झाली, डॉक्टर झाली, आणि त्यांच्या नावाची पाटी कुठंच लागली नाही. अशा वास्तूला कुलूप लावून जपता येत नाही. तिथं पोरं राहिली तरच ती जपली.

नाशिकला उदोजी मराठा बोर्डिंगच्या आवारात आता शैक्षणिक वारशाचं संग्रहालय आहे. तो चांगला मार्ग आहे, पण सगळ्या बोर्डिंगांचं संग्रहालय करायचं म्हटलं तर गावाकडून येणाऱ्या मुलानं झोपायचं कुठं?

गेल्या पावसाळ्यात मी एका जुन्या बोर्डिंगात गेलो होतो. नाव घेत नाही. तिथले लोक आपल्या परीनं जिवापाड काम करतात आणि झालेल्या चुकांचं माप एकट्या त्यांच्या पदरात टाकणं बरोबर नाही. घडीव काळ्या दगडाचं जोतं, वर वीट आणि चुना, लाकडी कैच्या, त्यावर कौलं. जिन्याच्या पायऱ्या सागाच्या. प्रत्येक पायरी मधोमध वाटीसारखी झिजलेली, आणि कडांना मात्र अजून करवतीच्या खुणा. पोरं जिना नेहमी मधूनच चढतात. मी बोट फिरवून बघितलं, तर झीज सहज अंगठ्याभर खोल होती.

खालच्या मजल्यावर भिंतीला काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला होता. तो फुगला होता. माझ्याबरोबर एक म्हातारे गवंडी होते. त्यांनी बोटाच्या पेरानं ठकठक केलं, पोकळ आवाज आला. एक पापुद्रा अलगद ओढला तर मागचा चुना ओल्या भुशासारखा हातात आला.

"मामा, हे पावसानं झालं का?"

"पाऊस काय आजचा हाय व्हय? शंभर वर्सं पडतोय. सिमेंट लावलं की भिंत घुसमटती बघा."

मामांनी एका वाक्यात सांगितलं ते असं. चुन्याच्या भिंतीत जमिनीतून ओल चढते आणि चुन्याच्या बारीक छिद्रांतून ती बाहेर उडून जाते. वरून सिमेंटचा गच्च थर दिला की ओलीला वाट राहत नाही. मग ती आतच कोंडते, चुना सोडते, विटा कुजवते, वर चढून तुळईच्या टोकापर्यंत जाते, आणि ओलं लाकूड मिळालं की वाळवी यायला वेळ लागत नाही. दुरुस्ती म्हणून केलेल्या गिलाव्यानं अशी भिंत आतून खाल्ली जाते. यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. सिमेंट खरवडून काढायचं, भिंत एक उन्हाळा उघडी वाळू द्यायची, आणि पुन्हा चुना लावायचा. विरवून मुरवलेला चुना, चाळलेली वाळू, आणि त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा. गुळानं आणि हिरड्यानं चुना चिवट होतो. हिरडा सह्याद्रीच्या रानातला आणि गूळ तर कोल्हापूरचाच. साहित्य दारात आहे. ते कालवणारा हात मात्र कमी होत चालला आहे. मामांचा मुलगा टाइल्स बसवायचं काम करतो, त्यात पैसा रोख मिळतो.

कौलांचंही तसंच. कोल्हापूरच्या पावसात दर उन्हाळ्यात कौलं चाळून घ्यावी लागतात. फुटलेली बदलायची, सरकलेली सारखी करायची, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, भिंतीत रुजलेला पिंपळ मुळासकट उपटायचा. हे काम दरसाल केलं तर खर्च थोडा. पाच वर्षं टाळलं की छतच उतरवायची वेळ येते, आणि मग बैठकीत कुणीतरी म्हणतं की पाडून आरसीसी बांधू, खाली गाळे काढू. त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. मुलांकडून घेतली जाणारी फी मेसलाही पुरत नाही, जुनं अनुदान आजच्या हिशेबात नाममात्र, आणि रस्त्याला लागून असलेली जागा सोन्याच्या मोलाची. तरीही मी त्याच्या विरोधात उभा राहीन. दर्शनी बाजूला गाळे काढून मागची जुनी इमारत राखता येते, तशी वाट काढलेलीही आहे. पण जुनी इमारतच गेली की पुढच्या मजल्यांवर पोरांसाठी किती खोल्या राहतील, हे सांगायला कुणी बांधील नसतं.

कायद्याचा थोडा आधार आहे. ही बोर्डिंगं बहुतेक सार्वजनिक विश्वस्त संस्था आहेत. १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ३६व्या कलमानुसार धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून अशा संस्थेची स्थावर मालमत्ता विकता येत नाही, की बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानं देता येत नाही. बोर्डिंगच्या माजी विद्यार्थ्यांनी हे कलम पाठ करावं. पण कायदा विक्री अडवतो, गळती अडवत नाही.

त्या दिवशी निघताना ऑफिसातलं कपाट त्यांनी मला उघडून दाखवलं. आत प्रवेशाची जुनी रजिस्टरं होती. मुलाचं नाव, गाव, पालकाचं नाव, पालकाचा धंदा, कोणत्या इयत्तेत, कधी आला, कधी गेला. पालकाचा धंदा या रकान्यात एकाखाली एक शेती, शेती, शेती. मधेच कुठं शिवणकाम, कुठं गवंडी, कुठं पोलिस शिपाई. शेवटच्या रकान्यात शेरा. एका मुलापुढं फक्त एवढंच लिहिलं होतं की घरी कापणी असल्यानं गेला, परत आला नाही. त्या पानाच्या कडा ओलीनं पिवळ्या पडून तुटत होत्या, आणि रजिस्टरच्या पाठीला कसर लागली होती.

दगडी जोतं अजून पन्नास वर्षं थांबेल. ही रजिस्टरं पाच पावसाळे थांबतील असं मला वाटत नाही. या राज्यात कोणत्या गावातून, कोणत्या धंद्याच्या घरातून पहिलं पोरगं शिकायला बाहेर पडलं, याचा इतका बारकाईनं भरलेला कागद दुसरीकडं मिळणं कठीण आहे. जनगणनेत आकडे मिळतात, इथं नावं आहेत. हे काम मोठ्या निधीचंही नाही. एक स्कॅनर, दोन विद्यार्थी, एक उन्हाळ्याची सुट्टी. शिवाजी विद्यापीठ कोल्हापुरातच आहे, इतिहासाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प हवेच असतात. बोर्डिंगच्या विश्वस्तांनी होकार द्यायला हवा आणि कुणीतरी पुढं व्हायला हवं.

६ मे २०२२ रोजी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली, तेव्हा सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं. रिक्षा थांबल्या, दुकानदार बाहेर आले, चौकात माणसं आपापल्या जागी उभी राहिली. ज्या शहराला असं उभं राहता येतं, त्याला कौलं चाळायला पैसे गोळा करणं जड नाही.

तुमच्या घरात कुणी आजोबा, पणजोबा, काका कोल्हापूरच्या, साताऱ्याच्या, नाशिकच्या, सोलापूरच्या बोर्डिंगात राहिलेले असतील. ट्रंकेत त्यांची एखादी गुणपत्रिका असेल, मेसच्या बिलाची पावती असेल, पायरीवर ओळीनं बसून काढलेला फोटो असेल. त्याची एक प्रत काढा, मागं नाव, गाव आणि साल लिहा, आणि या जूनमध्ये, नवी पोरं दाखल होतात तेव्हा, त्या बोर्डिंगच्या ऑफिसात स्वतः नेऊन द्या. आणि तिथं गेल्यावर रजिस्टरं कुठं ठेवली आहेत, तेवढं विचारा.